पटासाठी वाकलेला माणूस

६ जुलै २०१९. लास वेगासच्या टी-मोबाइल अरीनात लढत सुरू झाली, बेन ऍस्क्रेन पट काढायला (म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला खाली आणायला) वाकला आणि होर्हे मासविदालचा उडता गुडघा त्याच्या डोक्यावर बसला. अधिकृत वेळ नोंदली गेली ती फक्त पाच सेकंद. यूएफसीमध्ये, म्हणजे बुक्क्या, लाथा, पकडी सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या लढतींच्या अमेरिकी स्पर्धेत, इतक्या लवकर कुणी कुणाला बेशुद्ध पाडलेलं नव्हतं. आधीचा विक्रम ड्वेन लुडविगचा, २००६ सालचा, सहा सेकंदांचा. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. सांगलीत पावसाची भुरभुर चाललेली, आणि जेवणं व्हायच्या आत त्या गुडघ्याचे व्हिडिओ गेम फोनवर येऊन पोचले होते.

व्हिडिओ गेम म्हणजे विडंबनं. कुणी दोघांच्या डोक्यावर एनर्जीच्या पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, ऍस्क्रेनची पट्टी एका झटक्यात रिकामी होते आणि मोठ्या अक्षरात ‘के.ओ.’, म्हणजे नॉकआउट, येतं. कुणी सगळा प्रसंगच जुन्या आठ-बिटी ठोकळ्यांमध्ये बसवला, म्हणजे चार तपकिरी चौकोन धावत येतात आणि दुसरे चार चौकोन आडवे होतात. मागे टिंगटिंग वाजणारं संगीत. बघणारा हसतो आणि पुढच्याला पाठवतो.

ही विडंबनं मला आवडतात, हे आधीच सांगतो. ज्यांनी ती केली त्यांनी मन लावून केलीत. एकेक चौकोन हाताने मांडायला रात्र जाते. तरी इतकी वर्षं झाली, त्यांच्यातली एक गोष्ट मला खुपत राहिली आहे. कुस्ती आणि व्हिडिओ गेम या दोन्ही गोष्टी माझ्या लहानपणात शेजारीशेजारी होत्या, म्हणूनही असेल.

आमच्या वेळी सांगलीत पार्लर असायचं. दाराला पडदा, आत अंधार, चार मशीनं, आणि घामाचा आणि गरम झालेल्या टीव्हीचा मिळून एक वास. एका रुपयाच्या नाण्याला एक खेळ. मशीनवर मुस्तफा लागलेला असायचा (त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे हे फार पुढे कळलं, तेव्हा त्यातल्या एका गड्याच्या नावानेच सगळा खेळ ओळखला जायचा), आणि शेजारी स्ट्रीट फायटर. बटणांवरची अक्षरं घासून गुळगुळीत झालेली. दांड्याचा वरचा गोळा निघून गेला होता आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळलेला. तळहाताच्या मधोमध त्या रबराचा काळा डाग पडायचा, घरी गेल्यावर आई हात बघूनच ओळखायची. त्या दांड्याने खाली, तिरपं, पुढे असा पाव गोल काढायचा, बुक्कीचं बटण दाबायचं, की स्ट्रीट फायटरमधल्या रयूच्या हातातून निळा गोळा सुटायचा. मोठी पोरं डोळे मिटून तो गोळा काढायची. आम्ही मागे उभे राहून त्यांची बोटं बघायचो, पडदा नाही.

आणि संध्याकाळी तालीम. हौद्यातली लाल माती, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू. सांगलीत हळदीला काय तोटा. पावसाळ्यात ती माती पायाला लोण्यासारखी लागायची. वस्ताद काठावर बसलेले आणि आम्ही पोरं जोडीजोडीने खडाखडी करतोय. जिल्हाच असा आहे. कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सोनं घेऊन आले. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इथल्या पोराला शाळेचे धडे पाठ नसतात, पण कोणत्या पैलवानाचा कोणता डाव हे तोंडपाठ असतं.

त्यामुळे त्या पाच सेकंदांत इतरांना गुडघा दिसला, मला पट दिसला.

ऍस्क्रेन मुळात कुस्तीगीर. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाकडून २००६ आणि २००७ अशी दोन वर्षं राष्ट्रीय विजेता, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा मल्ल. पिंजऱ्यातल्या लढतींत तोवर एकदाही हरला नव्हता. त्याच्या लढती बघितल्या की कळतं, बुक्क्या-लाथांशी त्याला फारसं देणंघेणं नाही. जवळ जायचं, पाय धरायचा, खाली आणायचं आणि मग उठू द्यायचं नाही. हे त्याने कधी लपवलंही नाही. समोर कुणीही असो, ऍस्क्रेन पट काढणार हे सगळ्या जगाला ठाऊक होतं.

मासविदाल मायामीचा. घरामागच्या अंगणात होणाऱ्या उघड्या मारामाऱ्यांच्या व्हिडिओंतून तो आधी लोकांना माहीत झाला, २००३ पासून व्यावसायिक लढती करत होता. त्या रात्री तो जाळीला टेकून, हात मागे घेऊन उभा होता, बसची वाट बघावी तसा. सुरुवातीची खूण होताच आधी आळसावल्यासारखी दोन पावलं टाकली, मग तिरपा धावला आणि उडाला. ऍस्क्रेनचं डोकं जिथे येणार होतं तिथे त्याचा गुडघा आधीच निघालेला होता. हा गुडघा त्याने सरावात घोटवलेला होता, त्याच्या चित्रफिती नंतर बाहेर आल्या.

इथे विडंबनं करणाऱ्यांनी नकळत खरं पकडलंय. जुने मारामारीचे गेम सगळे याच एका गोष्टीवर उभे आहेत: समोरचा काय करणार ते ओळखायचं आणि त्याने ते करायच्या आधी उत्तर सोडायचं. निन्टेन्डोचा १९८७ सालचा ‘माइक टायसन्स पंच-आउट’ आमच्या कॅसेटमध्ये नव्हता, पुढे कॉम्प्युटरवर खेळलो. त्यात बाल्ड बुल नावाचा एक टकला मुष्टियोद्धा आहे. तो मागे जातो आणि उड्या मारत अंगावर येतो. त्या धावण्यात एक क्षण असा आहे की नेमका तेव्हा पोटात ठोसा बसला तर तो आहे त्या जागी आडवा. अर्धा क्षण आधी किंवा नंतर मारलात तर तुम्ही आडवे. ताकद दोन्ही वेळेला तेवढीच. स्ट्रीट फायटर सेकंदाला साठ चित्रं दाखवतो आणि मुरलेले खेळाडू त्या चित्रांच्या हिशेबात बोलतात, अमुक लाथ इतक्या चित्रांनंतर लागते, तमुक इतक्या. त्या मापाने मासविदालची सगळी लढत तीनशे चित्रांची. त्या तीनशेत उपयोगाची किती, तर अगदी थोडी. तेवढी थोडी नेमकी सापडायला त्या माणसाची सोळा वर्षं गेली होती.

म्हणून ‘हे तर गेमसारखं झालं’ असं कुणी म्हणालं की मी मान डोलावतो. गंमत म्हणजे क्रमही तसाच आहे. वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या विद्या शिकलेले लढवय्ये समोरासमोर आणणारा स्ट्रीट फायटर दोन आला १९९१ साली. कराटेवाला, सुमो, किकबॉक्सर आणि मुष्टियोद्धा यांना खरोखर एका पिंजऱ्यात सोडणारी पहिली यूएफसी डेन्व्हरला झाली नोव्हेंबर १९९३ मध्ये. पार्लरमधल्या पोरांनी ‘सुमो जिंकेल का बॉक्सर’ हा वाद आधी घालून ठेवला होता. डेन्व्हरला उत्तर मिळालं ते तिसरंच. ब्राझीलचा होईस ग्रेसी, अंगाने सडपातळ, सगळ्यांना जमिनीवर नेऊन आवळून जिंकला. पकडीची विद्या जिंकली याचा मला अजून आनंद होतो.

तालमीतल्या वस्तादांना मी तो गुडघा दाखवला होता. विडंबन दाखवलं नाही, मूळ लढत. त्यांनी फोन लांब धरून एकदा पाहिलं, मग म्हणाले, “परत लाव.” परत लावलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “पट बरोबर हुता. समोरचा गडी कुस्ती खेळत नव्हता.”

मी म्हटलं, “वस्ताद, डोकं खाली गेलं ना पण त्याचं.”

“गेलंच की. पर कुस्तीत तिथं गुडघा येतोय व्हय? येत न्हाई. मग डोस्क्याला कसं कळावं?” आणि मग, शिकवायच्या सुरात, “खडाखडी करायची आधी. हाताला हात लावून बघायचा, गडी कसा हाय. एकदम पट काढायला जायचंच न्हाई.”

यापेक्षा नेमकं विश्लेषण मी कुठल्या तज्ज्ञाकडून ऐकलेलं नाही. शरीराला वर्षानुवर्षं जे शिकवलं ते शरीर करतं. आमच्यातल्या प्रत्येकाला हे वाक्य हजारदा ऐकावं लागलंय: डोस्कं बरगडीला लाव, नजर वर ठेव. डोकं खाली घातलंस तर समोरचा मानेवर वजन टाकणार आणि तोंड मातीत. कुस्तीतल्या चुकीची किंमत तेवढीच असते, आणि पट काढणारा तेवढ्याच किमतीची तयारी ठेवून वाकतो. ऍस्क्रेन ज्या चपळाईने वाकला त्या चपळाईमागे हजारो पट होते, आणि त्यातल्या एकाही पटाला समोरून हाड येऊन भिडलेलं नव्हतं असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

आता मला खुपणारी गोष्ट. विडंबन ‘के.ओ.’ या अक्षरांवर संपतं. ठोकळ्यांचा माणूस आडवा होतो, संगीत वाजतं, नाणं टाकलं की तोच माणूस भरलेल्या पट्टीसह पुन्हा उभा. खऱ्या लढतीत त्या अक्षरांनंतरचे क्षण फार लांब आहेत.

डोक्यावर असा आघात झाला की कवटी झटक्यात फिरते आणि आतला मेंदू, जो पातळ द्रवात तरंगत असतो, तिच्या मागे राहतो, मग पिळल्यासारखा ओढला जातो. जाग टिकवणारी यंत्रणा मेंदूच्या बुंध्यापाशी आहे, ती काही वेळ बंद पडते. म्हणून माणूस पडतो तो दमून बसल्यासारखा पडत नाही. पडताना हात पुढे येत नाहीत, कारण हात पुढे करा असं सांगणारं कुणी जागं नसतं. कधी हात हवेत ताठ राहतात, कोपरात वाकून आखडतात. बघणाऱ्याला ते विचित्र वाटतं आणि विडंबनवाले नेमकं तेच ठोकळ्यांत उतरवतात, हसू येतं म्हणून. डॉक्टरांसाठी ती मेंदूच्या जखमेची खूण आहे. ऍस्क्रेनचं अंग असंच ताठलं होतं. पंच पोचेपर्यंत मासविदालने त्या ताठ माणसाला आणखी दोन ठोसे मारले. नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, ते अत्यंत गरजेचे होते. नियमात बसणारे होते, हे खरं. पंचाने थांबवेपर्यंत लढत चालू असते. पण ते दोन ठोसे मला एकदा पाहिल्यावर पुन्हा बघवले नाहीत.

याहून पुढे गेलेली गोष्ट त्याआधीच, १६ जुलै २०१६ ला लंडनमध्ये घडून गेली होती. पोकेमॉन गो हा फोनवरचा गेम नुकताच आला होता, इंग्लंडात येऊन तर दोन दिवस झाले होते. बेलाटर या यूएफसीसारख्याच दुसऱ्या स्पर्धेतल्या लढतीत मायकेल पेजचा उडता गुडघा ब्राझीलच्या इव्हान्जेलिस्ता सांतोसच्या कपाळावर बसला. सांतोस वेदनेने जमिनीवर कळवळतोय आणि पेजने पोकेमॉनची टोपी घालून एक लाल-पांढरा बॉल त्याच्या दिशेने घरंगळत सोडला. गेममध्ये असा बॉल टाकून जनावर पकडायचं असतं. सभागृह हसलं, जगभर ती चित्रफीत फिरली. मग सांतोसच्या डोक्याचं स्कॅन आलं. कपाळाचं हाड आत दबलेलं, वाटीत बोट रुतावं एवढं. शस्त्रक्रिया करावी लागली. इथे विडंबन करायला बाहेरच्या कुणाची रात्र खर्ची पडली नाही, ते पिंजऱ्यातच तयार झालं, आणि ज्याचं व्हायचं तो अजून शुद्धीवर होता. पेज अप्रतिम खेळाडू आहे, त्याच्यासारखं अंतर मोजणारे फार थोडे. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

कुस्तीत इजा होत नाहीत असं मी म्हणणार नाही. माना दुखावतात, गुडघे जातात, कान तर बहुतेकांचे मोडलेलेच. इनामाच्या पैशावरून भांडणं होतात, जोड लावताना राजकारण चालतं. पण कुंडलच्या मैदानात किंवा कुठल्याही गावच्या जत्रेतल्या फडात कुस्ती निकाली झाली की पुढे काय होतं ते बघा. हलगीचा ठेका बदलतो, जिंकलेल्याला खांद्यावर घेतात, फेटा बांधतात, तो मैदानाला फेरी मारतो. आणि हरलेला? तो पाठीची माती झटकत उठतो. चित झाला म्हणजे त्याच्या पाठीला माती लागली आणि डोळ्यांना आभाळ दिसलं, म्हणजे डोळे उघडे होते. तो जिंकणाऱ्याच्या पाठीवर थाप मारतो. चांगला लढला असेल तर काठावरची म्हातारी माणसं त्याला बोलावून हातात नोट कोंबतात आणि सांगतात, “पोरा, ढाकेला जरा घाई केलीस.” मला स्वतःला एकदा असं बोलावलं गेलं होतं. नोट कितीची होती ते आठवत नाही. त्या आजोबांनी माझा दंड दाबून पाहिला होता आणि ‘खुराक वाढव’ म्हणाले होते ते आठवतं.

विडंबनात हरलेल्याला बोलावणारं कुणी नसतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि ऍस्क्रेन बोलवावा असा माणूस आहे. इतकी थट्टा झाली, तो लपून बसला नाही. जगाआधी स्वतःच दोन शब्दांत कबूल केलं की वाईट झालं, आणि थट्टा झेलली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा लढला, डेमियन मायाकडून हरला, कंबरेचा सांधा निकामी झालेला होता म्हणून त्याच वर्षी पिंजऱ्यातल्या लढती थांबवल्या. विस्कॉन्सिनमध्ये त्याची आणि त्याच्या भावाची कुस्ती शाळा आहे, तिथे लहान मुलं शिकतात. २०२५ च्या उन्हाळ्यात न्यूमोनियाने तो मरणाच्या दारात गेला, दोन्ही फुफ्फुसं बदलावी लागली, आणि तो परतला. ती बातमी वाचली त्या दिवशी मी मुद्दाम शोधून पाहिलं. बातमीखाली पाच सेकंदांचा तो गुडघा होताच, पिवळ्या पट्ट्यांसकट.

माझा भाचा आठवीत आहे. मारामारीचे गेम त्याला माझ्यापेक्षा कितीतरी चांगले येतात आणि जुने गेम तर तो फोनवरच खेळतो. ते विडंबन त्यानेच मला पुन्हा पाठवलं, खाली हसणारे चार चेहरे. घरी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, याच माणसाची याच्या आधीची लढत बघ. २ मार्च २०१९, समोर रॉबी लॉलर. बसला माझ्याशेजारी.

त्या लढतीत सुरुवातीलाच लॉलर ऍस्क्रेनला उचलून डोक्यावर आपटतो. मग वरून ठोसे, एकामागून एक. ऍस्क्रेनचं तोंड रक्ताने माखतं. भाचा म्हणाला, “संपला हा.” मी काही बोललो नाही. ऍस्क्रेन त्या मारातही पाय शोधत राहतो, आंधळ्यासारखा, हाताला लागेल ते धरतो. उठतो. लॉलरला जाळीशी दाबतो, खाली आणतो आणि मान आवळतो. लॉलरचा एक हात सैल पडल्यासारखा होतो आणि पंच हर्ब डीन लढत थांबवतात. लॉलर ताडकन उठतो, मी शुद्धीवर होतो म्हणून हातवारे करतो. त्यावरून तेव्हाही केवढा वाद झाला होता.

भाच्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला. तेवढाच तुकडा मागे नेला, हळू केला, पुन्हा मागे नेला. दोन बोटांनी चित्र मोठं करून लॉलरचा हात बघत बसला.

“मामा, हा बेशुद्ध नव्हता. अंगठा बघ, वर आहे.”

मी म्हटलं, हात तर पडलाय.

“हात पडलाय, पण अंगठा वर आहे ना! बेशुद्ध माणूस अंगठा कशाला वर करेल?” आणि पुन्हा मागे नेलं. आतून बहिणीने जेवायला दोनदा हाक मारली तरी हा उठेना. पंचांनी आणखी दोन सेकंद थांबायला हवं होतं असं त्याचं मत, आणि मला वाटत होतं की अशा वेळी थांबवलेलं बरं. आमचा तो वाद भाकरी गार होईपर्यंत चालला.